रेव्हॉक्स ए-७७ : दुरुस्त करून वापरण्याजोगा रीळ टेपरेकॉर्डर

जुन्या ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीकडे वळणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो कोणते यंत्र हाती घ्यावे याचा, आणि रीळ टेपरेकॉर्डरच्या बाबतीत माझे उत्तर अनेक वर्षे एकच राहिले आहे : स्वित्झर्लंडमधील विली स्टुडर यांच्या कंपनीने १९६७ साली बाजारात आणलेला रेव्हॉक्स ए-७७. हे यंत्र आपल्या काळातील सर्वांत देखणे नाही, आणि त्याच्यानंतर आलेल्या काही यंत्रांनी सोयींच्या बाबतीत त्याला मागे टाकले आहे. तरीही जवळपास प्रत्येक बिघाड समजून घेता येतो, तो नेमक्या एका भागापर्यंत नेऊन पोहोचवता येतो आणि बहुतेक वेळा सहज मिळणाऱ्या सुट्या भागांनी दूर करता येतो, असे दुसरे घरगुती यंत्र मला क्वचितच आढळले आहे. पुढील परीक्षण त्यामुळे नव्या वस्तूचे नाही. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या, बहुधा अर्धवट चालणाऱ्या आणि पुन्हा उभ्या करायच्या वस्तूचे आहे.

ए-७७ मध्ये तीन मोटरी आहेत. दोन मोटरी रिळांना फिरवतात आणि तिसरी कॅपस्टनला, म्हणजे टेप एकसारख्या वेगाने पुढे ओढणाऱ्या पोलादी दांड्याला फिरवते. त्या काळातील बहुतेक घरगुती यंत्रांत कॅपस्टनचा वेग वीजपुरवठ्याच्या वारंवारतेशी बांधलेला असे आणि वेग बदलण्यासाठी पट्टा, रबरी चाक किंवा पायऱ्यांची पुली यांचा आधार घ्यावा लागे. ए-७७ मध्ये मोटरीच्या बाहेरून फिरणाऱ्या रोटरच्या कडेला बारीक दाते आहेत, त्यांच्यासमोर एक छोटे चुंबकीय हेड बसवलेले आहे, आणि दात्यांमुळे त्या हेडमध्ये उमटणाऱ्या संकेताची वारंवारता पाहून एक इलेक्ट्रॉनिक मंडल मोटरीला मिळणारी वीज कमी-अधिक करत राहते. सेकंदाला ९.५ आणि १९ सेंटिमीटर हे दोन्ही वेग याच मार्गाने मिळतात. यांत्रिक गिअर बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने या रचनेचा सर्वांत मोठा लाभ असा की यंत्राच्या मुख्य कामात पिंच रोलरखेरीज, म्हणजे टेपला कॅपस्टनवर दाबून धरणाऱ्या चाकाखेरीज, रबराचा एकही भाग येत नाही. जुन्या यंत्रांत सर्वांत आधी आणि सर्वांत हमखास दगा देते ते रबरच. आकडे दाखवणाऱ्या काउंटरला एक बारीक पट्टा आहे खरा, पण तो तुटला तरी ध्वनीवर काही परिणाम होत नाही.

हीच रचना एका ठळक बिघाडालाही कारण ठरते. नियंत्रण करणारा पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला किंवा दात्यांसमोरील हेडकडून येणारा संकेत तुटला, तर मोटरीला अडवणारे काहीच राहत नाही आणि कॅपस्टन पूर्ण वेगाने धावू लागतो. ऐकणाऱ्याला मोटर निकामी झाली असे वाटते, प्रत्यक्षात मोटर ठणठणीत असते. आधी संकेत येतो आहे का ते ऑसिलोस्कोपवर पाहावे, मग ट्रान्झिस्टर तपासावा, आणि नंतरच मंडलातील बाकीच्या भागांकडे वळावे. या भागात मोटरीसाठीचा धोकादायक विद्युतदाब खेळत असतो, म्हणून वीज चालू असताना येथे एका हाताने आणि इन्सुलेट केलेल्या प्रोबनेच मोजमाप करावे, हे मी कोणालाही पहिल्याच दिवशी सांगेन.

पेटीतून यंत्र बाहेर काढले की त्याच्या आखणीतला विचार दिसू लागतो. प्लेबॅक अँप्लिफायर, रेकॉर्ड अँप्लिफायर, बायस ऑसिलेटर (नोंदणी स्वच्छ व्हावी म्हणून ध्वनीत मिसळायचा उच्च वारंवारतेचा संकेत, म्हणजे बायस, तयार करणारे मंडल), इनपुट अँप्लिफायर अशी प्रत्येक कामाची स्वतंत्र कार्डे आहेत आणि ती सॉकेटमध्ये बसवलेली आहेत. एका बाजूचा आवाज खरखरत असेल तर दोन बाजूंची कार्डे परस्परांत बदलून पाहता येते. दोष कार्डाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर तो कार्डात आहे, जागच्या जागी राहिला तर तारा, स्विच किंवा हेड (टेपवर ध्वनी नोंदवणारा किंवा वाचणारा भाग) यांत आहे. कोणतेही उपकरण न लावता काही मिनिटांत होणारी ही चाचणी पुढचा कितीतरी वेळ वाचवते. शिवाय कंपनीची सर्व्हिस पुस्तिका संपूर्ण मंडल-आकृत्यांसह आजही सहज उपलब्ध आहे, आणि ती इतकी नीट लिहिलेली आहे की मोजमापाचा क्रम, अपेक्षित विद्युतदाब आणि जुळणीची रीत तिच्यावरूनच शिकता येते. दुरुस्त करता येणारी वस्तू आणि दुरुस्त करता यावी म्हणून घडवलेली वस्तू यांतला फरक मला या यंत्राने प्रथम स्पष्ट दाखवला.

आता कामाच्या क्रमाविषयी. अनेक वर्षे बंद असलेला ए-७७ थेट प्लगला लावू नये. वीज येते त्या जागी आणि स्विचच्या संपर्कांवर ठिणग्या दाबण्यासाठी मेटलाइज्ड पेपरचे छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, आणि त्यांच्या पारदर्शक इपॉक्सी आवरणाला काळाच्या ओघात बारीक चिरा पडतात. चिरांतून हवेतील ओल कागदात शिरते, गळती वाढते, कपॅसिटर तापतो आणि एके दिवशी तीव्र वासाच्या धुराने खोली भरून जाते. हे कपॅसिटर चांगले दिसत असले तरी आधी काढावेत आणि त्या जागी वीजपुरवठ्यावर वापरण्यासाठी प्रमाणित केलेले, पॉलिप्रॉपिलीनचे एक्स-२ वर्गाचे कपॅसिटर लावावेत. मोटरींचे फेज कपॅसिटरही याच वेळी पाहावेत. फुगलेला डबा, तेलाचा डाग किंवा कमी झालेली क्षमता यांपैकी एकही खूण दिसली तरी तो बदलणे योग्य. रिळे सुस्तपणे फिरतात, गुंडाळताना शेवटी अडकतात किंवा मोटर गुणगुणते पण सुटत नाही, अशा तक्रारींच्या मुळाशी बहुधा हेच असते. व्होल्टेज सिलेक्टर आपल्या पुरवठ्याला जुळतो आहे याची खात्री करून मग व्हेरिएकने, म्हणजे विद्युतदाब कमी-अधिक करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, किंवा मालिकेत जोडलेल्या दिव्याच्या साहाय्याने हळूहळू वीज द्यावी.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण तिच्या अज्ञानापायी कितीतरी चांगली यंत्रे भंगारात गेली असतील. ए-७७ च्या मागे रिमोट कंट्रोलचे सॉकेट आहे, आणि रिमोट लावलेला नसेल तेव्हा त्या सॉकेटमध्ये एक छोटा जोडप्लग असावाच लागतो, कारण नियंत्रणाचे मंडल त्याच्यातूनच पूर्ण होते. तो प्लग हरवला असेल तर दिवे लागतात, कॅपस्टन फिरतो, पण एकाही बटणाला यंत्र दाद देत नाही. विकणारा ते बंद पडलेले समजतो, घेणाराही तसेच समजतो. म्हणून उघडण्याआधी मागची बाजू पाहावी.

यांत्रिक भागांपैकी सर्वांत जास्त वेळ ब्रेकवर द्यावा असे माझे मत आहे. प्रत्येक रीळ-मोटरीच्या ड्रमभोवती पोलादी पट्टी आहे, आणि टेप सोडणाऱ्या रिळाचा ब्रेक टेप घेणाऱ्या रिळाच्या ब्रेकपेक्षा अधिक घट्ट बसावा, म्हणजे थांबताना टेप ताणलेली राहील, अशी तिची रचना आहे. ड्रमवरील अस्तराला तेलाचा किंवा बोटांच्या स्निग्धतेचा अंश लागला तरी हा तोल बिघडतो आणि वेगाने गुंडाळताना थांबवल्यावर टेपचे वेटोळे बाहेर सांडते. अस्तर स्वच्छ करून ते पूर्ण कोरडे होऊ द्यावे आणि दोन्ही दिशांनी वेगवेगळ्या आकाराच्या रिळांवर चाचणी घ्यावी. कॅपस्टनच्या बेअरिंगला पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे पातळ तेल अगदी मोजके द्यावे. गंज सोडवणारे फवारे येथे कधीही वापरू नयेत, कारण ते जुने तेल धुऊन काढतात आणि स्वतः उडून जातात. पिंच रोलरचे रबर चकचकीत आणि कडक झालेले असेल तर ते खरवडत बसण्यापेक्षा नवा रोलर लावणे बरे. तो या यंत्रासाठी अजून बनवला जातो.

इलेक्ट्रॉनिक भागात माझा आग्रह थोडा वेगळा आहे. पुनरुज्जीवन म्हणजे दिसेल तो प्रत्येक कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि रोधक एका बैठकीत बदलून टाकणे, अशी एक पद्धत रूढ झाली आहे, आणि तिने वाचवलेल्या यंत्रांइतकीच बिघडवलेली यंत्रेही मी पाहिली आहेत. एकदम सगळे बदलले की यंत्र चालू न झाल्यास दोष जुना आहे की आपण घातलेला, हे सांगता येत नाही. शिवाय या काळातील मुद्रित मंडलांची तांब्याची पट्टी उष्णतेने लवकर सुटते. म्हणून एका वेळी एकच कार्ड घ्यावे, ते पूर्ण करावे, यंत्रात बसवून ऐकावे आणि मोजावे, आणि मगच दुसऱ्याला हात लावावा.

बदलायचे काय, याबाबत मात्र शंका नको. वीजपुरवठ्यातील आणि संकेताच्या मार्गातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयामुळे सुकतात. त्यांची क्षमता शाबूत दिसली तरी अंतर्गत रोध वाढलेला असतो, आणि तो साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही, त्यासाठी ईएसआर मीटर लागतो. दुसरा, आणि माझ्या मते अधिक त्रासदायक, भाग म्हणजे उघड्या बांधणीचे ट्रिमपॉट, म्हणजे जुळणीसाठी पेचकसाने फिरवायचे छोटे बदलते रोधक. त्यांची सरकती पट्टी आणि कार्बनचा थर यांच्यातील संपर्क अनिश्चित होतो आणि त्यामुळे पातळी आपोआप वरखाली होते, एक बाजू मध्येच नाहीशी होते, बायस सरकतो. संपर्क-स्वच्छक फवारून हे काही काळ सुधारते, पुन्हा उद्भवते. बंद बांधणीचे नवे ट्रिमपॉट बसवणे हा खरा उपाय, पण जुना काढण्यापूर्वी तो कोणत्या स्थितीत होता तो रोध मोजून कागदावर लिहून ठेवावा आणि नवा त्याच मूल्यावर आणून मगच बसवावा. असे केल्यास यंत्र पहिल्याच वेळी जुळणीच्या जवळपास चालू होते. एखाद्या बाजूला सतत फुसफुस किंवा मधूनच तडतड राहिली तर प्लेबॅक कार्डातील पहिल्या टप्प्याचा ट्रान्झिस्टर संशयित धरावा. बाकीच्या ट्रान्झिस्टरांना कारणाशिवाय हात लावू नये. रिले आणि फिरते सिलेक्टर स्विच यांचे संपर्क स्वच्छ करणे हे कंटाळवाणे काम आहे, त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते करावे लागते.

सर्व भाग निरोगी झाल्यावर जुळणी येते, आणि हा टप्पा टाळणारे पुनरुज्जीवन मी पूर्ण मानत नाही. नव्या भागांनी यंत्र चालू होते. ते खरे बोलू लागते ते जुळणीनंतर. यासाठी एक प्रमाणित चाचणी-टेप, एक ऑडिओ जनरेटर, एक एसी मिलिव्होल्टमीटर आणि शक्य असल्यास ऑसिलोस्कोप लागतो. हेड आणि टेप-मार्ग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत आणि चाचणी-टेप चढवण्यापूर्वी हेडचे चुंबकत्व काढून टाकावे, अन्यथा त्या टेपवरील उच्च वारंवारता कायमची पुसट होऊ शकते. मग क्रमाने आधी प्लेबॅक आणि नंतर रेकॉर्ड जुळवावे, कारण रेकॉर्डिंगची प्रत्येक तपासणी प्लेबॅकमधूनच होते, आणि मोजपट्टीच चुकीची असेल तर मोजलेले सगळेच चुकते. प्लेबॅकमध्ये प्रथम हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ, उच्च वारंवारतेवर दोन्ही बाजू एकाच वेळी शिखरावर येतील असा ठेवावा. ऑसिलोस्कोपवर दोन बाजूंचे संकेत परस्परांविरुद्ध लावले तर फेजमधील फरकही दिसतो आणि खोट्या शिखरावर थांबण्याची चूक होत नाही. त्यानंतर पातळी आणि इक्वलायझेशन, म्हणजे उंच आणि खालच्या स्वरांचा तोल राखणारी जुळणी, येते. एनएबी या अमेरिकी प्रसारक संघटनेच्या मानकानुसार १९ सेंटिमीटर वेगाला ५० मायक्रोसेकंद आणि ९.५ सेंटिमीटर वेगाला ९० मायक्रोसेकंद हे कालांक आहेत, आणि घेतलेली चाचणी-टेप त्याच मानकाची आहे ना, हे आधी पाहावे.

रेकॉर्डच्या जुळणीत बायस हा गाभा आहे. ए-७७ चा बायस ऑसिलेटर १२० किलोहर्ट्झवर चालतो, आणि त्याची मात्रा वापरायच्या टेपवरच ठरते. कमी पातळीवर १० किलोहर्ट्झचा सूर नोंदवत तोच सूर प्लेबॅक हेडवरून पाहावा. बायस वाढवत नेला की पातळी आधी चढते, शिखर गाठते आणि मग उतरू लागते. टेप बनवणाऱ्याने सांगितलेल्या डेसिबेलइतकी ती शिखरापलीकडे उतरेपर्यंत बायस पुढे न्यावा. अलीकडे थांबले तर उच्च स्वर भडक होतात आणि विकृती वाढते. फार पुढे गेले तर आवाज मंदावतो. स्वतंत्र रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेड असल्यामुळे हे सर्व टेप चालू असतानाच, परिणाम तत्काळ पाहत करता येते, आणि घरगुती यंत्रात ही सोय किती मोलाची आहे ते दोन हेडच्या यंत्रावर हेच काम करून पाहिल्याशिवाय कळत नाही. वेगाच्या स्थैर्याबाबत कंपनीने १९ सेंटिमीटरला ०.०८ टक्के वाव आणि फ्लटर, म्हणजे वेगातील मंद आणि जलद चढउतार, सांगितला आहे. चांगल्या बेअरिंगचे आणि नव्या रोलरचे यंत्र त्या आकड्याच्या आसपास आले नाही, तर दोष बहुधा टेपच्या ताणात किंवा वाकलेल्या रिळात शोधावा.

या सर्व श्रमांचे फळ कसे ऐकू येते? नीट जुळवलेला ए-७७ मूळ संकेतात स्वतःचे फार थोडे मिसळतो. टेप आणि स्रोत यांच्यात स्विच फिरवत ऐकले तर १९ सेंटिमीटर वेगाला, चांगल्या टेपवर, फरक मुख्यतः शांत जागांतील हलक्या फुसफुशीपुरता उरतो. खालचे स्वर भरीव राहतात आणि मानवी आवाजाचा पोत टिकतो. तंबोऱ्यासारख्या सतत झंकारणाऱ्या वाद्यात वेगाची किंचितशी अस्थिरताही कानाला लगेच जाणवते, आणि त्या कसोटीवर हे यंत्र मला समाधान देते. ९.५ सेंटिमीटर वेग भाषणासाठी आणि दीर्घ नोंदींसाठी उपयोगी आहे, संगीतासाठी मी तो सुचवणार नाही. २६.५ सेंटिमीटर व्यासाच्या रिळावर साधारण ७६० मीटर प्रमाण जाडीची टेप मावते, म्हणजे १९ सेंटिमीटर वेगाला तासाहून थोडे अधिक, अखंड.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. टेप हलते आहे की थांबली आहे हे ए-७७ ला कळत नाही, त्यामुळे वेगाने गुंडाळत असताना थेट प्ले दाबले तर टेप ताणली जाऊ शकते किंवा तुटू शकते. थांबवून, रिळे स्थिर होऊ देऊन मगच प्ले दाबण्याची सवय लावून घ्यावी लागते. ही उणीव १९७७ सालच्या बी-७७ मध्ये दूर झाली. कापून जोडण्याच्या संपादनासाठी हेडपर्यंत पोहोचणे अडचणीचे आहे. मीटर सरासरी पातळी दाखवतात, क्षणिक शिखरे दाखवत नाहीत, म्हणून तबला किंवा ढोलकी नोंदवताना मी पातळी मुद्दाम खाली ठेवतो.

विकत घेताना काय पाहावे, तर सर्वांत आधी हेड. वर वर्णिलेला प्रत्येक दोष दूर करता येतो. झिजून सपाट झालेले हेड मात्र यंत्राचा सर्वांत महाग आणि मिळवायला सर्वांत कठीण भाग आहे. आवरण उघडून तिरप्या प्रकाशात पाहावे. टेपच्या रुंदीइतका एकसारखा, अरुंद झिजलेला पट्टा असेल तर चिंता नाही, पण पट्टा रुंद झाला असेल, कडेला नखाला लागणारी पायरी झाली असेल किंवा मधली फट उघडी दिसू लागली असेल तर ते यंत्र सुट्या भागांसाठीच घ्यावे. चाचणीसाठी अनोळखी जुनी टेप चढवू नये. १९७० आणि १९८० च्या दशकांतील काही टेपांचे बंधक द्रव्य ओल शोषून चिकट झालेले असते. अशी टेप किंचाळते, अडते आणि हेडवर तपकिरी लेप सोडते, आणि मग निर्दोष यंत्रही सदोष वाटू लागते. दोन ट्रॅकची आणि चार ट्रॅकची आवृत्ती यांपैकी कोणती घ्यावी हे आपल्याकडील टेपांवर अवलंबून आहे. दोन्ही दिशांनी नोंदवलेल्या जुन्या घरगुती टेपा ऐकायच्या असतील तर बहुधा चार ट्रॅकची लागेल. नव्याने नोंदणी करायची असेल तर दोन ट्रॅकचीच घ्यावी, कारण रुंद ट्रॅकमुळे फुसफुस कमी राहते. ३८ सेंटिमीटर वेगाची एचएस आवृत्ती मिळाली तर उत्तमच, पण तिला टेप दुप्पट लागते आणि ९.५ सेंटिमीटरच्या टेपा तिच्यावर ऐकता येत नाहीत.